पेज पितात, खातात की जेवतात?

मे महिन्यात पुण्याची भाची आमच्याकडे फोंड्याला आली होती. अकराच्या सुमारास आईने वाडग्यात उकड्या तांदळाची पेज वाढली, बाजूला खारातल्या तोराची, म्हणजे कैरीची, फोड आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला आणि हाक मारली, ‘पेज जेवायला ये गो!’ भाची दारातच थबकली. ‘आजी, पेज पितात ना?’

‘पितात ती तापातली माणसं,’ आई म्हणाली.

व्युत्पत्ती भाचीच्या बाजूने आहे. पेज आली संस्कृत ‘पेया’वरून, म्हणजे प्यायची ती. (प्राकृतात ‘पेज्जा’. शय्येची शेज झाली, त्याच वाटेने.) आयुर्वेदाने तर दाटपणाप्रमाणे नावंच वेगळी ठेवलीत: शितं नसलेला मंड, थोडी शितं असलेली पेया, घट्ट ती विलेपी. आमच्या घरची विलेपीकडे झुकणारी. पण आई दाटपणा मोजतच नाही. बांगडा आहे ना सोबत? मग ते जेवण. नुसती पेज पेल्यात ओतून दिली, तर तीही ‘पी’ म्हणेल.

इतरांकडचे घोळ याहून मोठे. बंगाली माणूस पाणी खातो, चहा खातो, सिगारेट खातो आणि चुंबनसुद्धा खातो. तुर्की माणूस सूप पितो आणि सिगारेटही पितो. जपानी माणूस औषधाची गोळी पितो, चिनी माणूस पातळ औषधही खातो, आणि प्रेमात कुणाचा हेवा वाटला की व्हिनेगर खातो. हे चौघे पणजीत एका टेबलाशी बसले तर वेटरने बंगाल्यापुढे ताट मांडावं नि तुर्कापुढे पेला, दोघांतही सिगारेटच.

आपण हसू नये. आपण भाव खातो, कच खातो, हाय खातो, आणि गोरं व्हायची घाई असली की हळद पितो.

खरी गंमत कर्म गाळल्यावर. ‘तो पितो’ म्हटलं की दूध कुणाच्या मनात येत नाही. ‘तुम्ही खाता ना?’ हा आमच्याकडे मासळीचा प्रश्न. सोमवारी उत्तर येतं, ‘आज शिवराक’, म्हणजे शाकाहारी. हाच प्रश्न एखाद्या कचेरीच्या जिन्यावर कुजबुजत विचारला, तर मासळीचा काही संबंध नसतो आणि सोमवारही आड येत नाही.

सोलकढीचं मात्र मला ठरवता येत नाही. भातावर ओतली की जेवतात, वाटीत उरली की पितात, तळहातावर घेतली की भुरकतात. पण मनगटावरून कोपराकडे निघालेला ओघळ जिभेने अडवतात, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?