हातमाग टिकवायला डिझाइन पुरेल का?

ताणाबाणा: शहरातला डिझायनर कागदावर नक्षी देतो, विणकर मजुरीवर विणतो, हंगाम सरला की डिझायनर दुसऱ्या गावी. यात माग चालतो, पण विणकर मजूरच राहतो. म्हणून २००५ मध्ये ज्युडी फ्रेटर यांनी कच्छमध्ये सुरू केलेलं कला रक्षा विद्यालय मला फार मोलाचं वाटतं. तिथे डिझाइन शिकवलं ते थेट कारागिरांना. रंग कुठला, काठ केवढा, गिऱ्हाईक कोण, हे ज्याचं त्याने ठरवायचं. डिझाइन विणकराच्या हाती आलं तरच त्याची मुलं मागावर बसतील.

हिशेबी: अजिबात पटलं नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आहेत, आणि दोनतृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई ५ हजारांच्या आत. त्यांना आधी सूत उधारीवर मिळायला हवं आणि मालाचे पैसे वेळेवर. नवा काठ बाजारात आला की त्याची नक्कल यंत्रमागावर निघते. कापडाचे काही प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे, तरी ही गत!

ताणाबाणा: नक्कल होते, मान्य. पण सगळ्याची सारखी होत नाही. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा: मोर दोन्ही बाजूंनी तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, हाताने शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. जॅकार्डवरच्या, म्हणजे नक्षी आपोआप उचलणाऱ्या यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले असतात. यंत्राला जड जाईल तिथेच डिझाइनचा जोर लावायला हवा.

हिशेबी: पदर उलटून बघणारी गिऱ्हाइकं किती?

कांडीवाली: आमच्या घरी माग आहे, म्हणून लिहिते. नवं डिझाइन म्हणजे नवा ताणा (उभे धागे) लावा, एकेक धागा जोडा, मागाच्या फणीत भरा. त्यात दिवस जातात. हात बसेपर्यंत कापडही हळू उतरतं. मजुरी मात्र नगावर, म्हणजे हा सगळा वेळ फुकट. बाण्याचं सूत गुंडाळून कांड्या भरणाऱ्या बाईचा तर हिशेबच कुणी धरत नाही, ते घरकामातच जमा. डिझाइन जरूर आणा, विणकराला शिकवाही. पण नमुना विणायचे आणि ताणा लावायचे पैसे वेगळे द्या. तसं कबूल करणारा व्यापारी आम्हाला अजून भेटलेला नाही.

हिशेबी: ताई, मी हेच म्हणतोय.

ताणाबाणा: नाही, त्या डिझाइन नको म्हणत नाहीयेत. ज्याला डिझाइनची किंमत लावता येते, तोच नमुन्याचे पैसे मागू शकतो.