दर तीन वर्षांनी नवी आलिशान गाडी: हा हिशोब खरंच शहाणपणाचा आहे का?

चाकणकर (धागाकर्ता)

आमच्या चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखानदारांमध्ये एक रीत पक्की होत चालली आहे. सत्तर-ऐंशी लाखांची जर्मन गाडी काढायची, वॉरंटी संपत आली की शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्यायची आणि पुढचं मॉडेल घ्यायचं. पैसा त्यांचा, हौसही त्यांची. पण हे सगळं 'यातच फायदा आहे' म्हणून सांगितलं जातं आणि ते मला पटत नाही.

एक्स-शोरूम (रस्ता कर आणि विमा सोडून) ७० लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात ती वैयक्तिक नावावर घेतली तर रस्ता कर १३ टक्के, म्हणजे ९ लाख १० हजार. कंपनीच्या नावावर घेतली की दर २० टक्के, म्हणजे १४ लाख. तीन वर्षांनी ४० लाख आले तर मालक खूश असतो. म्हणजे भावात ३० लाख गेले, करात १४ लाख. ४४ लाख भागिले ३६ महिने केलं तर महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास. यात विमा, पेट्रोल, ड्रायव्हरचा पगार काहीच धरलेलं नाही.

तीच गाडी आठ वर्षं वापरा, वॉरंटीनंतर दुरुस्तीला १० लाख घाला आणि शेवटी १५ लाखांना विका. महिन्याचा खर्च ८२ हजारांवर येतो.

मला खटकतं ते पुढचं. हीच मंडळी जुन्या गाडीच्या भावात पन्नास हजार वाढवून घ्यायला शोरूममध्ये दुपारभर बसतात, मॅट आणि सिरॅमिक कोटिंग फुकट मागतात आणि १४ लाखांच्या कराच्या ओळीवर न बघता सही करतात.

ताळेबंद

सीए आहे, अशा गाड्यांची खाती रोज बघतो. तुमच्या हिशोबात आयकर नाही. कंपनीच्या गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे गाडीची उतरलेली किंमत खर्च म्हणून दाखवता येते. रस्ता करासह ८४ लाख धरले तर तीन वर्षांत साधारण ३२ लाख ४० हजारांचा घसारा खर्चात पडतो. २५ टक्क्यांच्या आसपास कर भरणाऱ्या कंपनीचे त्यात आठ लाख वाचतात. शिवाय कर्जाचं व्याज, विमा, पेट्रोल, ड्रायव्हर हेही खर्चात. तीन वर्षांनी वहीतली किंमत साडेएकावन्न लाख आणि विक्री ४० लाखांना, म्हणजे मार्जिन (या दोन्हींतला फरक) उणे. जीएसटी त्या मार्जिनवरच लागतो, त्यामुळे जुन्या गाडीवरच्या १८ टक्के जीएसटीचाही प्रश्न येत नाही.

आणि हे लोक कराच्या ओळीकडे बघत नाहीत असं अजिबात नाही. गाडी घेतली त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत गाडी हातात हवी असते. मधे पितृपक्ष आडवा येतो, घरचे 'दसऱ्यालाच आणा' म्हणतात, आणि मालक त्यासाठी मला फोन करतो.

चाकणकर

@ताळेबंद, आठ लाख वाचले हे मान्य. पण कंपनीच्या नावामुळे रस्ता कर १३ चा २० टक्के झाला, तिथे ४ लाख ९० हजार जास्त गेले. वाचलेल्यातला निम्म्याहून जास्त भाग सरकारकडे परत गेला की. जीएसटीचं इनपुट क्रेडिटही (खरेदीत भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करायची सोय) प्रवासी गाडीवर मिळत नाही. 'कंपनीच्या नावावर घेतली म्हणजे जवळपास फुकट' ही समजूत तुम्हीच लोकांनी रुजवली आहे.

यार्डवाला

जुन्या गाड्यांचा धंदा आहे, दोन्ही बाजूंनी बघतो. एक दुरुस्ती सुचवतो. रस्ता कर पूर्ण बुडत नाही, विकताना तो भावात असतो. दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते? तिथली एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथे पासिंग करताना महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. एमएच पासिंगच्या गाडीला तेवढा भाव जास्त येतो.

आता एक्स्चेंजबद्दल. शोरूमचा माणूस प्रत्येक पत्र्यावर पेंट मीटर लावतो. एक दार जरी रंगवलेलं निघालं तरी भाव उतरतो. टायरवरचा उत्पादनाचा आठवडा वाचतो, दुसरी किल्ली मागतो, स्कॅनर लावून चाललेले किलोमीटर मीटरशी ताडून बघतो. एवढं करून बाजारभावापेक्षा दोन-अडीच लाख कमी सांगतो आणि वर 'एक्स्चेंज बोनस' म्हणून तीन लाख देतो. तो बोनस बऱ्याचदा नव्या गाडीवर एरवीही मिळाली असती तीच सूट असते. म्हणून आधी जुनी गाडी न सांगता नवीचा शेवटचा भाव काढावा, मग जुनीचा विषय काढावा.

तरीही पैसेवाला शोरूमलाच गाडी देतो आणि त्याला कारण आहे. त्याला अनोळखी लोक घरी यायला नको असतात. आरसी (गाडीची नोंदणी) नावावरून उतरली नाही तर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हे स्पष्ट केलंय. दोन लाख कमी घेऊन तो डोक्याचा ताप विकतो. याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

पंचगंगा

आमच्या कोल्हापुरात तीन वर्षांची, पहिल्या मालकाची गाडी शोधणारे माझ्यासारखे कितीतरी आहेत. चाकणकरांचं ऐकून सगळ्यांनी गाड्या आठ वर्षं ठेवल्या तर आम्ही काय घ्यायचं? पहिल्या मालकानं ३० लाख सोसले म्हणून ती गाडी माझ्या आवाक्यात आली. त्याचा तोटा तो माझा फायदा, बाकी मला काही सांगू नका.

चाकणकर

@पंचगंगा, तुमचा सौदा चांगलाच आहे. तो चांगला आहे म्हणूनच पहिल्याचा वाईट आहे, मी तेच म्हणतोय.

शेंद्रा_उद्योजक

संभाजीनगरचा आहे, म्हणून बोलतो. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरात (तेव्हाचं औरंगाबाद) १५० जणांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर लोक हसले की हे मराठवाड्याचे नवश्रीमंत. पण एकगठ्ठा खरेदी म्हणून त्यांनी कंपनीकडून सूट घेतली आणि स्टेट बँकेकडून स्वस्त व्याजाचं कर्ज मिळवलं. उधळणारा माणूस असा वागतो का? इथे गुंतवणूक आणायची तर शहराची दखल घ्यावी लागेल, ही भावना त्यामागे होती आणि मला आजही तिचा अभिमान आहे. ऑडीच्या गाड्या आमच्या शहराजवळच्या शेंद्र्यातच जुळवल्या जातात. गाडी बदलली जाते तेव्हा कुणाचं तरी काम चालतं.

अनघा_जॉबवर्क

इतका वेळ वाचत होते. मी छोटं मशीन शॉप चालवते, मोठ्या कारखान्यांसाठी टर्निंगची कामं करते. गाडी कोण किती वर्षं ठेवतो याच्याशी मला देणंघेणं नाही. पण एका मालकाकडे माझं बिल चार महिने अडकलं होतं. 'मार्केट टाइट आहे ताई, जरा थांबा' हे ऐकून बाहेर आले तर आवारात हार घातलेली नवी गाडी उभी. पेढाही हातावर ठेवला गेला.

गाडीचा हप्ता बँक ठरल्या तारखेला कापून घेते. माझं बिल कोण कापून घेणार? सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि उशीर केला तर तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात मान्य होत नाही, २०२४-२५च्या करनिर्धारणापासून. ताळेबंद साहेब, घसाऱ्याचे १८० दिवस तुमच्या अशिलाला तोंडपाठ आहेत. हे ४५ दिवस त्यांना कोण सांगतं?

शेंद्रा_उद्योजक

ताई, सगळे मालक तसे नसतात. मी पुरवठादारांचे पैसे वेळेवर देतो.

अनघा_जॉबवर्क

तुम्ही देत असाल, दादा, आनंद आहे. पण 'गाडी बदलली की कुणाचं तरी काम चालतं' हे वाक्य माझ्यासारखीला सांगू नका. माझं काम त्याच महिन्यात थांबलं होतं, कारण पुढचं मटेरियल उचलायला पैसे नव्हते.

ताळेबंद

अनघाताई, प्रश्न रास्त आहे. मार्चअखेर आम्ही थकीत यादी काढतो आणि 'हे आधी द्या' म्हणून सांगतो. ३१ मार्चला बरेच पैसे त्यामुळेच सुटतात. पण कायदा खर्च फक्त लांबवतो, रद्द करत नाही. पुढच्या वर्षी पैसे दिले की वजावट मिळते, म्हणून काही मालक तेवढा कर सोसतात. उशिराचं व्याज, तेही बँकदराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ, मागायचा हक्क एमएसएमईडी कायद्याने (हाच तुमचा ४५ दिवसांचा कायदा) तुम्हाला आहे. त्यासाठी ऑनलाइन तक्रार करता येते.

अनघा_जॉबवर्क

तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. हे मालकालाही माहीत असतं आणि मलाही.