स्कापा फ्लोची बुडालेली जहाजे: तारकर्लीनंतर तयारी काय करावी?

कृष्णाकाठ, सांगली
जूनमध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर, स्कापा फ्लोच्या उपसागरात डायव्हिंगला जायचा बेत आहे. अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर हा डायव्हिंगचा दुसरा कोर्स झालाय, पण सगळे डायव्ह तारकर्लीच्या कोमट पाण्यातले. ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा, आत हवा भरायचा पोशाख) कधी घातलेला नाही. तिथल्या जर्मन जहाजांवर १२ लिटरचा एक सिलिंडर पुरेल का?

अजिंक्यतारा
पुरणार नाही. हिशेब बघा. तुमच्या कोर्सची मर्यादा ३० मीटर, तिथे दाब ४ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या चौपट. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर श्वास धरला तर तिथे मिनिटाला ८० लिटर जातात. जोडीदाराची हवा संपली तर दोघांना वर आणायला, घाबरलेला श्वास आणि वर येताना सुरक्षेचा ३ मिनिटांचा थांबा धरून, सुमारे १००० लिटर राखून ठेवावे लागतात, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ८५ बार. भरलेल्या सिलिंडरच्या २०० बारमधून उरले ११५. त्यात जेमतेम १७ मिनिटं, उतरण्याचा वेळ धरून. थंडीत श्वास वाढतो, मग तेवढीही नाहीत. जोडसिलिंडर घ्या.

२१ जून १९१९ ला जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या ताफ्यातल्या तीन मोठ्या युद्धनौका उलट्या आणि जास्त खोल आहेत, त्या सध्या सोडा. क्रूझर कुशीवर पडल्यात. त्यांची वरची बाजू तुमच्या मर्यादेत येते. आत शिरू नका.

वाई_डायव्हर
रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून देणारं उपकरण) थंड पाण्याचा, सीलबंद फर्स्ट स्टेजचाच (सिलिंडरवर बसणारा भाग) हवा. दाब एकदम उतरला की हवा गार होते, आत बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. म्हणून बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) आणि ड्रायसूटमध्ये एकाच वेळी हवा भरू नका, थोडी-थोडी भरा. पाण्याबाहेर पर्जचं (हवा जोरात सोडणारं) बटण दाबून बघण्याची सवयही सोडा.

ड्रायसूटचा कोर्स आधी करा, थेट जहाजावर नको. हवा पायात गेली तर माणूस उलटा वर खेचला जातो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, सरळ झाल्यावर डावा कोपर उंच करून दंडावरच्या झडपेतून हवा सोडायची. हे उथळ पाण्यात अंगवळणी पडेपर्यंत करा.

अजिंक्यतारा
विहिरीत सराव केलात तर तिथे कमरेला लावलेलं शिशाचं वजन समुद्रात पुरणार नाही. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड. सामानासह ११० किलो भरत असाल तर पावणेतीन किलो शिसं जास्त लागेल.

कृष्णाकाठ, सांगली
मेमध्ये मालवणला आणखी डायव्ह करतो. संध्याकाळी लगेच परत निघालो तर चालेल?

वाई_डायव्हर
नको. वाटेतली आंबोली ७०० मीटरच्या जवळपास उंच आहे; डायव्हनंतर अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका दिवसात अनेक डायव्ह झाले असतील तर १८ तास थांबून, दुसऱ्या दिवशी घाट चढा.