शंवा किर्लोस्करांकडून मराठवाड्यातल्या संपादकांनी काय घ्यावं?

मोंढ्यातला वाचक, लातूर

गेल्या काही वर्षांत आपल्याकडची ओळखीतली चार नियतकालिकं बंद पडली. त्यातलं एक त्रैमासिक माझं. अकरा अंक निघाले. मजकूर कमी पडला म्हणून काही ते थांबलं नाही. लेख इतके यायचे की ठेवायला कपाट पुरेना. थांबलं ते हिशेबामुळं. वर्गणीदार किती, संपलेली वर्गणी किती जणांची, एजंटाकडं किती थकले, यातलं काहीही मला धड सांगता यायचं नाही. दिवाळीला कारखाना आणि पतसंस्थेच्या शुभेच्छांच्या जाहिराती आल्या की अंक निघायचा, नाही आल्या की राहायचा.

म्हणून अलीकडं मी शंकर वासुदेव किर्लोस्करांचं, म्हणजे शंवांचं, आयुष्य पुन्हा वाचलं. हा माणूस मुळात चित्रकार. लाहोरला चित्रकार सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकला, मग काकांच्या, म्हणजे लक्ष्मणरावांच्या नांगराच्या कारखान्यात विक्री आणि जाहिरातीच्या कामाला लागला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याचं माहितीपत्रक म्हणून. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शिवाय स्वतः लिहिलं, ‘शंवाकि’ सही करून व्यंगचित्रं काढली, ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ लिहिलं, आणि शेवटी ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र.

माझं म्हणणं एवढंच: नांगर विकणाऱ्यानं मासिक विकलं, म्हणून ते गावोगाव पोचलं. गिऱ्हाईक कोण, त्याला काय लागतं, माल वेळेवर पोचतो का, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. आपण धंदा हा शब्दच उच्चारायला लाजतो आणि अकराव्या अंकाला थांबतो.

मिलिंदचा माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

दादा, तळमळ कळली, पण उदाहरण चुकलं. शंवांच्या पाठीमागं कारखाना होता. पहिला तोटा कोण सोसणार हा प्रश्नच त्यांना नव्हता.

१९२० सालच घ्या. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. आणि ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’नं पैसे देऊनसुद्धा छापली नाही. १९२३ ला पत्र बंद पडलं. आता सांगा, इथं धंद्याचा कोणता मार्ग कामाला आला असता? ज्याच्या जाहिरातीचे पैसेसुद्धा कुणी घेत नाही, त्याला गिऱ्हाईक ओळखायला सांगणं हा अन्याय आहे.

आणि आदर्शच हवा तर तो आपल्या गावात आहे. गंगाधर पानतावणे सर. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकवता शिकवता त्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं केलं आणि जवळपास पन्नास वर्षं चालवलं. प्राध्यापकाची नोकरी सांभाळून. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सर गेले. कित्येक दलित लेखकांचं पहिलं लेखन त्या पानांवर आलं. त्याचा नफातोटा कोणत्या वहीत मांडणार?

मोंढ्यातला वाचक, लातूर

पानतावणे सरांबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण पन्नास वर्षं अंक काढणं हे नुसत्या त्यागानं होत नाही. ‘अस्मितादर्श’चे मेळावे भरायचे, लेखक आणि वाचक एकत्र यायचे. वाचक धरून ठेवायचं ते काम होतं. मी त्यालाच धंदा म्हणतो. तुम्ही चळवळ म्हणा.

नुसता त्याग कुठं नेतो ते र. धों. कर्व्यांकडं बघा. ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, पदरमोड करून चालवलं. त्यांच्यासोबतच मासिकही गेलं. ‘स्त्री’ मात्र शंवांच्या मागंही चालत राहिलं, आणि तिथंच तयार झालेल्या विद्या बाळांनी पुढं १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. मागं माणसं तयार होणं, हे मला फार मोठं वाटतं.

गोदाकाठ, नांदेड

दोघंही पुण्यामुंबईच्या मापानं मोजायलेत. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. कचेरी उर्दूत, विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत. मराठी वाचणारा वर्गच तयार होऊ दिला नाही, तर वर्गणीदार आणायचे कुठून? आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३७ ला ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं तर सरकारनं बंदी घातली. नाव बदलून परत काढायचं, परत बंदी. तिकडं औंधच्या राजानं किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, इकडं आपल्या राजानं छापलेला कागद अडवला. ही सुरुवातच सारखी नाही.

जुळाऱ्याची लेक, परभणी

माझे वडील जुळारी होते, छपाईसाठी शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे. खिळे जुळवून जुळवून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कायम काळी असायची, लग्नकार्यातसुद्धा. छापखान्यात एक मासिक छापलं जायचं. अंक तयार झाला की मालक सगळे फर्मे, म्हणजे छापलेले कागद, आमच्या ओसरीत आणून टाकायचे. आई मैद्याची खळ शिजवायची, आम्ही बहिणी तपकिरी कागदाच्या पट्ट्या चिकटवायचो, वडील पत्ते लिहायचे. प्रत्येक पत्त्यापुढं वहीत लाल पेन्सिलीची खूण. ज्याची वर्गणी संपली त्याला मालक स्वतःच्या हातानं पोस्टकार्ड घालायचे: ‘आपली आठवण आहे, अंक पाठवत राहू का?’ बरेच जण पैसे पाठवायचे. मालक आजारी पडले, पोस्टकार्डं थांबली, आणि वर्षभरात मासिक बसलं. लेखक तेच होते.

म्हणून मी लातूरच्या दादांच्या बाजूनं. पण एक सांगते, त्या खळीचे आणि पत्त्यांचे पैसे आम्हाला कधी मिळाले नाहीत. धंदा म्हणायचा असेल तर मजुरीही लिहा त्या वहीत.

मिलिंदचा माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

ताई, शेवटची ओळ फार महत्त्वाची लिहिलीत.

दादा, वाचक धरून ठेवण्याबद्दल आपलं भांडण नाही. वही नीट ठेवावी, पोस्टकार्ड घालावं, मान्य. माझी भीती वेगळी आहे. जाहिरातीवर अंक उभा राहिला की जाहिरातदाराला काय आवडेल हा विचार संपादकाच्या डोक्यात आधी येतो. कुणी सांगावंही लागत नाही. शंवांनी सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख छापले, सनातन्यांचा राग ओढवून घेतला, हे धाडस खरंच. पण त्यांच्या मागं स्वतःचाच कारखाना होता, त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. आपल्याकडं मलपृष्ठ कुणाचं असतं? तुमच्याच अंकात कुणाचं होतं?

मोंढ्यातला वाचक, लातूर

साखर कारखान्याचं.

विचारलंत म्हणून सांगतो, आजवर कुठं लिहिलं नव्हतं. दहाव्या अंकासाठी ऊसतोडणीच्या कोयत्यांवर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोड्यांवर, लेख आला होता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती, ती फिटते कशी, आजारपणात खाडा झाला तर पैसे कसे कापतात, सगळं. मी तो पुढच्या अंकाला ठेवला. कारखान्याच्या अध्यक्षांचा पानभर फोटो दहाव्या अंकात गेला. अकराव्यात जागा नव्हती असं लेखिकेला कळवलं. जागा होती.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. दोनशे वर्गणीदार वेळेवर पैसे देणारे असते, तर त्या मलपृष्ठाची गरज पडली नसती. ते दोनशे जण मी जमवले नाहीत, ही चूक माझी. तो लेख मागं राहिला त्याचं मूळ तिथंच आहे.

मिलिंदचा माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

लेख आहे का अजून तुमच्याकडं?

मोंढ्यातला वाचक, लातूर

आहे. बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं हातानं लिहिलेला, फुलस्केपची नऊ पानं. कपाटात सगळ्यात वर ठेवलाय.