दुधाची पिशवी आणि करकरणारी पिशवी

मऊ पिशवी आणि कडक पिशवी म्हणजे मुळातच वेगळी रसायनं, असा एक समज असतो. एलडी (लो डेन्सिटी, कमी घनतेचं, मऊ) आणि एचडी (हाय डेन्सिटी, जास्त घनतेचं, कडक) पॉलिथिनच्या बाबतीत ते पटत नाही. दोन्हींचा कच्चा माल एकच, इथिलीन वायू. त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी बनते. फरक आहे त्या साखळीला फुटणाऱ्या फांद्यांचा. एलडी बनतं हजार-दोन हजार वातावरणांच्या दाबाखाली. तिथे साखळीचं वाढतं टोक मधेच मागे वळून स्वतःच्याच अंगाला चावतं आणि तिथून फांदी फुटते. बाभळीच्या काट्याकुट्यांची मोळी कधी नीट बसते का? तसंच. रेणूंमध्ये पोकळी राहते, घनता ०.९२च्या आसपास (पाण्याची १ धरली तर), माल मऊ. १९५३ साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ कार्ल झीग्लरने अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या संयुगांचं उत्प्रेरक वापरून साध्या दाबाला जवळजवळ सरळ साखळ्या मिळवल्या. हे एचडी. ही उसाची मोळी, घट्ट बसते, घनता ०.९५च्या पुढेमागे.

मी काही वर्षं पिशव्यांसाठी प्लास्टिकची पातळ फिल्म काढणाऱ्या कारखान्यात होतो. दाणे दोन्हींचे दुधी, पोत्यावरचा छाप पुसला की गोंधळ ठरलेला. एकदा रात्रपाळीला चुकीचं पोतं हॉपरमध्ये (यंत्रात दाणे ओतायच्या नरसाळ्यात) गेलं आणि वितळलेल्या प्लास्टिकमध्ये हवा भरून फिल्मसाठी काढतात तो फुगा धड धरेना. पाण्यात टाकून उपयोग नाही, दोन्ही तरंगतात (बुडते ती पेट बाटली). आमचे फोरमनकाका फिल्म कानाजवळ चुरगाळायचे. कोऱ्या नोटेसारखी करकरली की एचडी, गप्प बसली की एलडी. दुधाची रिकामी पिशवी चुरगाळून बघा, आवाज जवळपास नाहीच.