किनाऱ्याने पायी चालताना पाठीवर कोणती सॅक? – अनुभव धागा

धागाकर्ती, रत्नागिरी

भातं कापून झाली, हवेत जरा सुखावा आला, आणि किनाऱ्याने पायी निघणाऱ्यांचे फोन सुरू झाले. कुणाला मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत सलग चालायचंय, कुणाला सुट्टी मिळेल तसं तुकड्यातुकड्याने. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: हलकी सॅक कोणती घेऊ? त्यासाठीच हा धागा काढते आहे. कोकण किनारा, नर्मदा परिक्रमा, हिमालयातली लांबची वाट, जे काही पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाललात ते लिहा. किती वजन होतं, किती लिटरची सॅक होती, कुठे रुतलं, काय फाटलं, काय टिकलं, हे सगळं हवंय.

सुरुवात मी करते. माझं म्हणणं असं की सॅक सगळ्यात शेवटी घ्यावी. आधी घरात चादर अंथरून न्यायचं सगळं सामान तिच्यावर मांडा आणि काट्यावर वजन करा. खाणं, पाणी आणि इंधन सोडून जे उरतं त्याला चालणारे ‘बेस वेट’ म्हणतात. ते साडेचार किलोच्या आत असेल तर अल्ट्रालाइट आणि नऊच्या आत असेल तर लाइटवेट, असा जगभरचा ढोबळ हिशोब आहे. आपल्या किनाऱ्यावर साडेचारच्या आत राहणं अवघड नाही. इथे तंबू लागत नाही, स्टोव्ह लागत नाही, चार दिवसांचा शिधा लागत नाही. वेळास सोडलं की केळशी, मग आडे, पाडले, आंजर्ले, अशी गावं येतच राहतात. जेवण घरगुती मिळतं आणि रात्री कुणाच्या तरी पडवीत नाहीतर होमस्टेत पथारी पडते. एवढ्या सामानाला ३० ते ३५ लिटरची सॅक पुरते. ६० लिटरची घेतलीत तर ती रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते, शिवाय मोकळी जागा दिसली की हात आपोआप आणखी एक स्वेटर कोंबतो.

फिजिओथेरपिस्ट, चिपळूण

ताई, सामान आधी हे अगदी पटलं. पण सामानाबरोबर पाठही मोजायला हवी, आणि हे मी कळकळीने सांगते, कारण खांदे आखडलेले आणि हातांना मुंग्या आलेले चालणारे माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या सॅक चांगल्या असतात, पण त्यांच्या पाठीच्या मापाच्या नसतात.

आपली उंची आणि पाठीची लांबी या वेगळ्या गोष्टी आहेत. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि सव्वापाच फुटी बाईची लांब. माप असं घ्या: मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक बाहेर येतो. शिवणकामाची टेप तिथे धरायची. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून कमरेच्या हाडांचा वरचा कंगोरा चाचपायचा आणि अंगठे मागे वळवायचे. अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे कण्याला छेदते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा, स्वतःचं स्वतःला नीट जमत नाही. सॅकची मापं या लांबीवर ठरतात. काही सॅकमध्ये पाठीची पट्टी वरखाली करता येते. घरातले दोघे-तिघे एकच सॅक आलटूनपालटून वापरणार असतील तर तशीच घ्यावी.

आता कमरपट्टा. त्याचं काम पोट आवळणं नाही. तो कमरेच्या हाडांवर बसायला हवा, म्हणजे बहुतेक भार कमरेवरून पायांत उतरतो आणि खांद्यांना सॅक फक्त सांभाळावी लागते. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. आठ किलो वजन भरायला लावा, आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग छातीची क्लिप, आणि दुकानातल्या दुकानात वीसेक मिनिटं चाला. जिना असेल तर चढा-उतरा. खांद्यावर वरच्या बाजूला सॅककडे जाणारे छोटे पट्टे असतील तर ते साधारण ४५ अंशात तिरके दिसले पाहिजेत. ते आडवे पडले किंवा खाली झुकले तर ती सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे.

बायकांसाठी एक वेगळं: खांद्याचे पट्टे सरळ असले तर छातीवर दाबतात नाहीतर काखेत काचतात. बायकांसाठीच्या सॅकमध्ये ते इंग्रजी एस अक्षरासारखे वळवलेले असतात आणि कमरपट्टाही वेगळ्या कोनात असतो. रंग आवडला नाही तरी आधी ती घालून बघा.

गुहागर

माझी सॅक बिनफ्रेमची आहे, म्हणजे पाठीला आधार देणारा कडक सांगाडा नसलेली, अर्ध्या किलोच्या आसपास. झोपायची फोमची मॅट घडी करून पाठीच्या बाजूला सरकवतो, तीच फ्रेम होते. सात-आठ किलोपर्यंत उत्तम चालते, त्यावर गेलं की खांदे ओढते. सामान आधी कमी करा आणि मगच बिनफ्रेमच्या सॅककडे वळा.

दापोली

पाठीवरच्या जाळीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काही सॅकना मागे ताणलेली जाळी असते, त्यामुळे सॅक पाठीपासून सुटी राहते आणि वारा खेळतो. आपल्या दमट हवेत हे फार बरं वाटतं, सदरा निदान थोडा तरी कोरडा राहतो. पण भार पाठीपासून दोन बोटं मागे जातो. मुरुड, कर्दे, लाडघर अशा ओल्या, घट्ट पुळणीवर ते जाणवत नाही. पुढे बुरोंडी-कोळथऱ्याकडे चढ लागले, पाखाड्यांच्या पायऱ्या आल्या की सॅक मागे खेचते. मी तरीही जाळीवाली वापरतो, कारण घामोळ्यांपुढे चढाचा त्रास मला कमी वाटतो. चिपळूणच्या ताई कदाचित उलट सांगतील.

एक सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्या. मुक्कामी पोचलं की खांद्याचे पट्टे, कमरपट्टा आणि जाळी गोड्या पाण्याने धुवायची. घामाचं आणि समुद्राचं मीठ वाळलं की त्याचे बारीक खडे होतात आणि दुसऱ्या दिवशी कमरेला सालटं निघतात. विहिरीचं एक बादली पाणी पुरतं.

सॅक सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आपटू नका. जांभा खरबरीत असतो, पातळ कापडाचा तळ त्याने पहिल्यांदा जातो. आणि बाहेरच्या जाळीच्या खिशांना करवंदीच्या जाळ्यांतून जाताना जपा.

शिवणकाम, मालवण

मी शिडाचं कापड, ताडपत्र्या, छत्र्या आणि पिशव्या शिवतो. गेली काही वर्षं चालणाऱ्यांच्या सॅकही दुरुस्तीला येतात, काही नव्याने शिवून दिल्या. म्हणून कापडाबद्दल सांगतो.

हलक्या सॅक मुख्यतः तीन तऱ्हेच्या कापडांत येतात. चौकडीच्या जाड धाग्याचं रिपस्टॉप नायलॉन सगळ्यात जास्त दिसतं. त्यात चीर पडली तरी ती पुढच्या जाड धाग्याशी अडते. दुसरं पॉलिस्टर, ते नायलॉनपेक्षा पाणी कमी पितं आणि ओलं झाल्यावर सैलावत नाही. तिसरं डायनिमा. ते पॉलिथिलीनच्याच जातीचं, पाण्यावर तरंगणारं, जहाजांच्या दोरांतही वापरतात. पाणी अजिबात पीत नाही, वजनाला नगण्य, आणि किंमत डोळे पांढरे करणारी. बाहेरून मागवलं तर वर जकातही भरा. किनाऱ्यावरच्या चालीसाठी एवढा खर्च करायची गरज मला दिसत नाही. तळाला जाड कापड आणि अंगाला पातळ, अशी सॅक बघा.

दुकानात गेलात की सॅक उलटी करून पट्ट्यांची मुळं बघा. खांद्याचा पट्टा अंगाला जिथे जोडलाय तिथे आडवी दाट शिलाई हवी, नुसती एक सरळ टीप असेल तर ठेवून द्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ सॅक तिथेच उसवलेल्या असतात. दुसरं म्हणजे चेन. वाळू आणि मीठ मिळून चेनचा जीव घेतात. धातूचा रनर गंजून अडकतो आणि ओढाओढीत दात तुटतात. त्यामुळे तोंडाला चेन नसलेली, वरून गुंडाळून क्लिप लावायची सॅक समुद्राकाठी बरी. वाळू आत जात नाही आणि बिघडायला काही नाही.

स्वतः शिवायची हौस असेल तर जरूर शिवा. रे जार्डिन नावाच्या अमेरिकन चालणाऱ्याने १९९० च्या दशकात घरी शिवलेल्या बिनफ्रेमच्या सॅकचा पायंडा लोकप्रिय केला. आज दुकानात ज्या हलक्या सॅक मिळतात त्यातल्या पुष्कळशा त्याच वळणाच्या आहेत. खांद्याच्या पट्ट्यात घालायला चपलांच्या सामानाच्या दुकानात ईव्हीए नावाच्या घट्ट फोमचा पत्रा मिळतो, तो छान चालतो. साधा स्पंज घालू नका, आठवड्यात बसतो आणि घाम धरून ठेवतो.

वेंगुर्ला

वजनात पाणी धरायला विसरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो. बाटलीचे बाजूचे खिसे सॅक न उतरवता हाताला लागतात का, हे दुकानातच तपासा. नाही लागले तर माणूस पाणी प्यायचं टाळतो, आणि आपल्या उन्हात ते धोक्याचं आहे.

निवृत्त शिक्षक, देवरुख

वयाची साठी उलटल्यावर किनाऱ्याने चालायला लागलो. तरुण मंडळी ग्रॅम मोजतात ते बघून आनंद होतो, पण माझ्या वयाच्या लोकांना सांगेन, फ्रेम आणि जाड कमरपट्टा असलेली सॅक घ्या, पाव-अर्धा किलो जास्त गेलं तरी चालेल. तो अर्धा किलो कमरेवर बसतो आणि मणक्याला सुख देतो. कमी करायचंच तर कपड्यांतून करा. अंगावरचा एक जोड आणि सॅकमधला एक, बस्स. रात्री धुतलेलं सकाळी वाळतं, थोडं दमट राहिलं तर चालताना अंगावर वाळतं.

हुरूप यावा म्हणून एक सांगतो. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई अमेरिकेतली अ‍ॅपलेचियन ट्रेल एकट्याने चालल्या. तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट. एका हंगामात ती एकटीने पुरी करणारी ती पहिली बाई. तिच्याकडे होती घरी शिवलेली डेनिमची झोळी, एका खांद्यावर टाकलेली, आणि आत एक घोंगडी नि आडोशाला प्लास्टिकचा पडदा. झोळी घेऊन निघा असं मी म्हणत नाही, चिपळूणच्या ताई रागावतील. पण मनासारखी सॅक मिळाली नाही म्हणून निघणं पुढे ढकलू नका.

अलिबाग

खाड्यांबद्दल राहिलं. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथे फेरीबोट असते, तिच्यावर सॅक उतरवून कोरड्या जागी ठेवायची एवढंच. पण मधल्या छोट्या खाड्या होडीने ओलांडायच्या असतील तर होडीत पाय टाकण्याआधी कमरपट्टा आणि छातीची क्लिप दोन्ही सोडा. तोल गेला तर सॅक क्षणात अंगावेगळी झाली पाहिजे. बांधलेली सॅक पाण्यात माणसाला खाली ओढते. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून जातानाही हेच, आणि तेसुद्धा गावातल्या माणसाला विचारूनच. म्हणून मी सॅक घेताना बकल एका हाताने, ओल्या बोटांनी उघडतं का ते पाहतो.

रेनकव्हरवर विसंबू नका. ते पाठीच्या बाजूने उघडंच असतं, आणि खारा वारा आला की फुग्यासारखं होतं. आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरायचं आणि तोंड पिळून दुमडायचं. फोन आणि पैसे वेगळ्या छोट्या पिशवीत.

फिजिओथेरपिस्ट, चिपळूण

गुरुजी, रागावणार नाही! तुमचा अर्धा किलोचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. दापोलीच्या दादांना: जाळी चालेल, फक्त जड सामान पाठीला लागून आणि मध्यावर भरा, बाहेरच्या खिशांत नको. मागे खेचणं बरंच कमी होईल.

पेण

एक प्रश्न. मागच्या पावसाळ्यात कपाटावर ठेवलेली सॅक काढली तर आतून चिकट झालीय, वास येतोय आणि पापुद्रे निघतायत. धुऊन जाईल का?

शिवणकाम, मालवण

जाणार नाही. कापडाच्या आत पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा थर असतो, तो दमट उबेत वर्षानुवर्षं राहिला की विघटन होऊन चिकट होतो. पापुद्रे ब्रशने काढून टाका, आत प्लास्टिकची पिशवी वापरा, सॅक अजून काही वर्षं चालेल. नवी घेतलीत तर मोसम संपल्यावर कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, वॉशिंग मशीनमध्ये नको. सावलीत पूर्ण वाळवा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, सगळ्या चेन उघड्या ठेवून हवेशीर खोलीत खुंटीला टांगा, आणि उघाड पडली की दर वेळी तासभर पडवीत काढा.