हॉस्टेल, कॉट बेसिस, मेसचे खाडे : घराबाहेरचं पहिलं वर्ष (अनुभव धागा)

अबोली_करमाळा

काल माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढली. लेक या महिन्यात इंजिनीअरिंगला सांगलीला चाललीय. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली माझी खाड्यांची वही सापडली आणि मी तिथेच फरशीवर बसून ती पूर्ण वाचली.

१९९७. करमाळ्याहून पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. चौघी मुली, एक खोली, एक नळ. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास वडिलांची मनीऑर्डर यायची, १२०० रुपये. मेसच्या काकूंचा नियम असा की आदल्या दिवशी सांगितलं आणि सलग चार वेळा जेवायला आलो नाही, तरच खाडा धरणार, म्हणजे तेवढे पैसे कापणार. पहिल्याच महिन्यात मी सहा दिवस गावी गेले, तोंडी सांगून गेले आणि महिनाअखेरीला पूर्ण पैसे भरले. काकूंना आठवत नव्हतं, माझ्याकडे पुरावा नव्हता. रात्री रडले. खोलीतल्या सोलापूरच्या ताईने शंभर पानी वही हातात दिली. म्हणाली, तारीख लिही, वेळ लिही, काकूंची सही घे. काकूंनी हसत सही केली, पुढे कधीही वाद झाला नाही.

मग त्याच वहीत दूध, इस्त्री, साबण सगळं यायला लागलं. मनीऑर्डर आली की त्याच संध्याकाळी पैसे पाकिटांत वाटायचे : भाडं, मेस, बसचा पास, पुस्तकं. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्यायची, परीक्षा झाली की तिथेच परत विकायची. गावी जायच्या भाड्याचं पाकीट वेगळं आणि त्याला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच.

लेकीला हे सांगायचंय, पण माझं जग तिला जुनं वाटेल. तुम्हाला पहिल्या वर्षी कशाने तारलं ते लिहा ना. बारीकसारीकच लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

कागदपत्रं!! ऑफिसमधून लिहितोय, थोडक्यात सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत कॉलेजात जमा होते. त्याआधी रंगीत स्कॅन आणि पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा. नॉन क्रिमीलेअर दाखल्यावर (आरक्षणासाठी लागतो तो) मुदत असते, ती ३१ मार्चला संपते. माझी संपलेली प्रवेशाच्या फेरीत लक्षात आली. यवतमाळला परत जाऊन तहसीलच्या तीन चकरा, दोन रात्री एसटीत. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. जातवैधता प्रमाणपत्र ज्यांना लागतं त्यांनी अकरावी-बारावीतच अर्ज टाकावा, आयत्या वेळी होत नाही.

आता डिजीलॉकर आहे, बरंच सोपं झालंय. तरी एक प्लास्टिकची फाईल हवीच.

सोनचाफा

@वऱ्हाडी, महाडीबीटीचं (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) पण लिहा की! माझ्या भावाने कॉलेजजवळ नवीन खातं काढलं, अर्जात सगळं बरोबर भरलं, शिष्यवृत्ती मात्र गावच्या जुन्या खात्यात जमा. ते खातं बंद पडायच्या बेतात होतं. पैसे जातात आधारशी जे खातं शेवटी जोडलंय त्यात. कुठलं जोडलंय ते आधी बँकेत विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

हो, हे राहिलंच. धन्यवाद.

नीरेकाठचा

आमचा डबा एसटीने यायचा. सकाळी आई सातच्या गाडीत द्यायची, मी साडेनऊला स्वारगेटला उभा. कापडी पिशवी, वर ऑइलपेंटने नाव. दोन डबे, एक येणार, एक त्याच गाडीने परत जाणार. रिकामा डबा धुऊनच परत पाठवायचा हा आईचा कायदा. स्टँडवर असे आम्ही वीसेक जण असायचो. गाडी लागली की कंडक्टर काका नावं वाचायचे. गाडी चुकली तर ते पिशवी कंट्रोलरच्या खिडकीशी ठेवायचे. एक पैसा घेतला नाही कधी.

डब्यात कधीमधी चिठ्ठी असायची. म्हैस व्यायली, आजीचा गुडघा दुखतोय, असं काहीबाही. मी त्या सगळ्या ठेवल्यात.

टिप वगैरे काही नाही यात, पण साडेनऊला स्वारगेट गाठायचं म्हणून सहाला उठायची सवय लागली आणि अंघोळीला रांग लागायच्या आत माझं आवरलेलं असायचं.

अबोली_करमाळा

@नीरेकाठचा, चिठ्ठ्यांचं वाचून डोळे भरले.

खडकवासला_एक्सप्रेस

कपड्यांबद्दल कोणीच नाही? पुण्याच्या जुलैत जीन्स चार दिवस वाळत नाही. दोनच जीन्स, बाकी सुती पँटी न्या. आणि दोरी : नायलॉनची दोरी दुहेरी घ्या, तिला पीळ घाला, दोन्ही टोकं ताणून बांधा. कपड्याचं टोक दोन पदरांत अडकवायचं. चिमटे लागत नाहीत, वारा आला तरी कपडा पडत नाही. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी माझं बघून केलं.

रोजचे कपडे रोज धुवा. रविवारवर ढकललं की रविवार बादलीत जातो.

सोनचाफा

ढेकूण!! लोखंडी कॉट असेल तर सांध्यांत उकळतं पाणी ओता, गादी कडक उन्हात. एकदा करून भागत नाही, अंडी राहतात, आठ-दहा दिवसांनी परत. आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं, नाहीतर शेजारच्या कॉटवरून येतात परत.

डोंबिवली_फास्ट_मुलगी

मी हॉस्टेलला नव्हते, पण रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये, म्हणजे ते पण घराबाहेरच ना. कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घेऊन तीन महिन्यांचा पास काढायचा, दर महिन्याची रांग वाचते. आमच्या लेडीज डब्यात एक मंत्रालयातल्या काकू होत्या, भाजी निवडायच्या. मला ओरल्सची भीती वाटायची हे कळल्यावर म्हणाल्या, दे वही. ठाण्यापर्यंत त्या प्रश्न वाचायच्या, मी उत्तरं द्यायची. विषय त्यांचा नाही, तरी अडखळले की बरोबर पकडायच्या. सबंध सेमिस्टर. त्यांचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

रयतचा_विद्यार्थी

साताऱ्यात शिकलो, कमवा आणि शिका योजनेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, स्वावलंबी शिक्षण हेच तिचं ब्रीद. माझं काम ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायची. मेसचा निम्मा खर्च त्यातून सुटायचा. पैशापेक्षा मोठा फायदा असा की दुपारचे तास बांधले गेले. मोकळा होतो तेव्हा जर्नल शेवटच्या आठवड्यात लिहायचो. काम लागल्यावर ज्या दिवशी प्रॅक्टिकल त्याच रात्री जर्नल. सबमिशनला सगळे रात्र जागत होते तेव्हा मी झोपलेलो होतो, हे अजून आठवतं.

ज्यांच्या घरून पैसे येणं कठीण आहे त्यांनी कॉलेजात जाऊन ही योजना नक्की विचारा, लाज बाळगू नका. बऱ्याच मुलांना ती आहे हेच माहीत नसतं.

आजोबा_वाई

माझे वडील वार लावून शिकले. सोमवारी जेवायला एक घर, मंगळवारी दुसरं. शनिवारचं घर मिळालं नव्हतं, म्हणून शनिवारी चुरमुरे. ते शेवटपर्यंत ताटात कण टाकत नसत. तुमच्या एसटीच्या डब्यावरून आठवलं.

आखेनकर

जर्मनीत आहे सध्या, दुसरं सेमिस्टर. इथे रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी घरात फक्त मेतकूट आणि तांदूळ होते, त्यावर दिवस काढला. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतात, अबोलीताईंची पाकिटांची पद्धत बँकेनेच लावल्यासारखं वाटतं. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की एकेका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, त्या फेकू नका. छोटा कुकर भारतातूनच आणा.

मनीची_आई

मुलगा मागच्या वर्षी नाशिकला गेला. दोन महिने फोनवर सगळं ठीक म्हणत होता. दिवाळीला आला तर सात किलो उतरलेला. मेसला एकटं बसायला नको म्हणून रात्रीचा जेवतच नव्हता. मी रोज "जेवलास का" विचारायचे आणि तो रोज हो म्हणायचा. आता विचारते, "आज कोणाबरोबर जेवलास?" या प्रश्नाचं उत्तर खरं येतं.

मुलांना सांगून ठेवा, फार जड वाटलं तर १४४१६ वर फोन करता येतो, टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आमच्या मुलाने केला होता.

सोनचाफा

मनीची आई, आता कसा आहे तो?

मनीची_आई

बरा आहे गं. खोली बदलली, दोघे लातूरचे आहेत बरोबर. तिघं मिळून वरण-भात लावतात रात्री.

खडकवासला_एक्सप्रेस

@अबोली, सदाशिव पेठेत नक्की कुठे होतात? मी भिकारदास मारुतीजवळ, ९९ ला. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग तिघांत एक मिसळ आणि जादा पाव.

अबोली_करमाळा

अहो, मी पण त्याच बाजूला! रविवारी दुपारी फीस्ट असायची, मी गुलाबजाम डब्यात घालून रात्रीसाठी ठेवायचे.

लेकीने धागा वाचला. ट्रंक न्यायला तयार झाली, कुलूप लागतं म्हणून! दोरीचं मात्र लगेच वहीत उतरवून घेतलं. आता एक अडचण : तिला प्रवासाला आणि पहिल्या आठवड्याला दशम्या द्यायच्यात. माझ्या दोन दिवसांत वातड होतात. कोणी सांगेल का?

आजोबा_वाई

सौ. सांगतेय, मी टाइप करतो. पाण्याचा थेंब घालायचा नाही. कोमट दुधात गूळ विरघळवून, गाळून, त्यात कणीक घट्ट भिजवायची. कडकडीत तुपाचं मोहन, चवीला मीठ. जरा जाडसर लाटून मंद आचेवर भाजायच्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. तीन-चार दिवस मऊ राहतात. पुढच्या दिवसांसाठी शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे द्या, म्हणतेय.